पाचशे रुपयांचा स्क्रू आणि बत्तीस हजारांचा दात

मागच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, आधी हे वाचा, मग बोलू." मेसेज मी ओळखला. वर्षभरात तो मी निदान दहा पेशंटच्या फोनवर पाहिला आहे, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो दोनदा येऊन गेला. विषय दाताच्या इम्प्लांटचा, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू आणि त्यावर लावायचा नवा दात, ज्याला आम्ही कॅप म्हणतो. मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: दाताचा इम्प्लांट म्हणजे पाचशे-हजाराचा स्क्रू, डॉक्टर त्याचे तीस-चाळीस हजार लावतात. पक्के दात तीन दिवसांत बसतात, सहा महिने लावणारा डॉक्टर बिल वाढवतो. साठी उलटलेल्यांनी आणि शुगरवाल्यांनी या भानगडीत पडू नये. डॉक्टरकडून आयुष्यभराची गॅरंटी लिहून घ्या, देत नसेल तर माल डुप्लिकेट समजा. इम्प्लांट असला की पुढे एमआरआय करता येत नाही. आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी मुकाट्याने कवळी लावावी.

गुरुजींची खालची डावी दाढ अडीच वर्षांपूर्वी मीच काढली होती. तेव्हा इम्प्लांटचं बोलणंही झालं होतं. मग हा मेसेज त्यांच्याकडे आला आणि त्यांनी विषयच सोडला. परवा त्या जागी हिरडीवरून बोट फिरवलं, तर जिथे वरंब्यासारखं रुंद हाड हाताला लागायला हवं तिथे सुरीच्या पाठीसारखी कड लागली. म्हणून हे लिहायला बसले. मी स्वतः इम्प्लांट करते, त्यावर माझं घर चालतं, तेव्हा माझ्या बोलण्यात माझा फायदा आहे असं कुणालाही वाटू शकेल. त्यामुळे आकडे उघडेच मांडते.

स्क्रूच्या किमतीपासून सुरुवात करू. आमच्या तालुक्याच्या गावात एका दाढेच्या इम्प्लांटचे, वरच्या कॅपसकट, मी बत्तीस हजार घेते. पुण्या-मुंबईत हाच आकडा पंचवीसपासून पन्नास हजारांपर्यंत आणि त्याच्याही वर जातो. मी बहुतेक वेळा कोरियन कंपनीचा इम्प्लांट वापरते. हाडात जाणारा भाग, हिरडी भरून येईपर्यंत वर लावायची टोपी, माप घ्यायचे सुटे भाग आणि कॅप ज्याच्यावर बसते तो अॅबटमेंट, असं सगळं धरून दहा-बारा हजार होतात. झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, कडक सिरॅमिकची) कॅप बनवणारी लॅब चार हजारांच्या आसपास घेते. स्वित्झर्लंड-स्वीडनचा माल घेतला तर पहिला आकडा दुपटीच्या पुढे जातो, भारतीय घेतला तर निम्म्यावर येतो. सीबीसीटी स्कॅनचे, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेचे, दीड-दोन हजार पेशंट सेंटरवर वेगळे भरतो. उरलेल्या रकमेत माझी फी, मदतनीस मुलीचा पगार, जागेचं भाडं, हत्यारं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह, झिजणारे ड्रिल, सलाइन, टाके, आणि पुढच्या वर्षभरातल्या सहा-सात भेटी, ज्यांचे मी वेगळे पैसे घेत नाही.

आता तो स्क्रू. हार्डवेअरच्या दुकानातल्या डब्यात तो मिळत नाही. टायटॅनियमचा, चार मिलिमीटरच्या आसपास जाड आणि दहा-अकरा मिलिमीटर लांब. त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असतो, म्हणजे हाडाच्या पेशींना धरायला जागा मिळते. तो निर्जंतुक कुपीत येतो, ती कुपी दुसऱ्या सीलबंद पाकिटात असते. ऑपरेशनच्या वेळी मदतनीस बाहेरचं पाकीट उघडते आणि मी आतली कुपी घेते. इम्प्लांट कुपीतून थेट हाडात जातो. मध्ये कशालाही, माझ्या ग्लोव्हच्या बोटालासुद्धा, त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही.

पण मेसेजमागची एक तक्रार खरी आहे आणि ती मी मान्य करते. आमच्याकडे बिलं धड फोडून दिली जात नाहीत. पेशंटला एक गोल आकडा सांगितला जातो, त्यात कॅप आहे की नाही हे सहा महिन्यांनी कळतं, मग भांडणं होतात. जाहिरातीतले "फक्त पंधरा हजार" बहुतेक वेळा नुसत्या हाडातल्या भागाचे असतात. म्हणून कुठेही जा, पण सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या: कंपनी कोणती, अॅबटमेंट धरला आहे का, कॅप कशाची, हाड कमी निघालं तर ग्राफ्टचे, म्हणजे हाड भरण्याचे, किती, आणि इम्प्लांट पहिल्या वर्षात सुटला तर पुन्हा बसवायचे पैसे लागणार का. मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका. अपघातात दात गेले असतील तर गोष्ट वेगळी, एरवी नेहमीच्या पॉलिसीत दातांचा खर्च बसत नाही.

खासगी परवडत नसेल तर एकदा दंत महाविद्यालयात चौकशी करा. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. तिथे एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करणारे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली काम करतात. चकरा जास्त होतात, काम मात्र नीट होतं. आणखी एक, इम्प्लांट ही आपल्याकडे एमडीएसची स्वतंत्र शाखा नाही. हिरड्यांचे, कॅप-कवळीचे आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर तो करतात, नुसती बीडीएस ही पदवी असलेले, पण हे काम शिकून घेतलेले डॉक्टरही करतात. तेव्हा "तुम्ही अशा किती केसेस केल्यात?" हे तोंडावर विचारायला संकोच करू नका. मला कुणी विचारलं तर मला राग येत नाही.

तीन दिवसांच्या गोष्टीवर मला जास्त बोलायचं आहे, कारण त्यातून झालेलं नुकसान माझ्या खुर्चीत येऊन बसतं.

१९५२ साली पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर काढायला गेले तर ती निघेना, हाड तिला चिकटून वाढलं होतं. सगळा इम्प्लांट या एका गोष्टीवर उभा आहे. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला, योस्टा लार्सन यांना, इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हाही ते काम देत होते.

हाडाचं हे धरणं म्हणजे रुजणं. बसवला त्या दिवशी इम्प्लांट घट्टच असतो, पण ती पकड भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखी असते. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत भोवतालचं दुखावलेलं हाड शरीर काढून टाकतं आणि त्या जागी नवीन घालतं. या मधल्या काळात पकड आधी कमी होते आणि मग वाढते. पेशंटला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, सूज उतरलेली असते, त्यामुळे त्याला वाटतं झालं सगळं. नेमक्या त्याच आठवड्यांत त्यावर चावायला लावलं तर इम्प्लांट सूक्ष्म हलत राहतो आणि हाडाऐवजी भोवती मऊ पडदा तयार होतो. नवं लावलेलं आंब्याचं कलम रोज हलवून बघितलं तर ते धरेल का? पूर्वी खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्याला सहा महिने थांबत. खरबरीत पृष्ठभागामुळे आता चांगल्या हाडात दोन-तीन महिन्यांतही कॅप लावता येते. भोक पाडतानाही घाई चालत नाही. ड्रिल एकेक आकाराने वाढवत, सलाइनची धार सोडत जावं लागतं, कारण हाड सत्तेचाळीस अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी मरतं.

लवकर दात देण्याच्या पद्धती खऱ्या आहेत, त्या मी नाकारत नाही. पूर्ण जबड्यात चार-सहा किंवा जास्त इम्प्लांट घालून एकाच पट्टीने बांधले, तर ते एकमेकांना धरून राहतात आणि काही दिवसांत त्यावर दात देता येतात. पुढच्या एका दाताला त्याच दिवशी दिसण्यापुरती तात्पुरती कॅपही लावता येते, चावताना तिच्यावर भार येऊ द्यायचा नाही इतकंच. पण हे कुणाला चालेल हे स्कॅन, हाडाची घनता आणि बसवताना लागलेली घट्ट पकड बघून ठरतं. मेसेज ते सरसकट सगळ्यांना लावतो.

दोन वर्षांपूर्वी एक मावशी आल्या होत्या. शहरातल्या एका शिबिरात तीन दिवसांत त्यांना वरचे सगळे दात बसवून मिळाले होते. वर्षाच्या आत उजवीकडचा भाग हलायला लागला. फोन लागत नव्हता, फाइल नव्हती, कंपनीचं नाव माहीत नव्हतं. दातांना इम्प्लांटशी जोडणारा आतला बारीक स्क्रू नुसता आवळायचा होता. पण प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची खाच वेगळी. माझ्याकडचे चारही कंपन्यांचे ड्रायव्हर लावून पाहिले, एकही बसेना. एक्स-रेवरचा आकार बघून ओळखीच्या डॉक्टरांना विचारत बसले, तोवर त्या कोपऱ्यातलं हाड गेलं होतं. मावशी मला म्हणाल्या, "बाई, मी घाई केली का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून सांगते, इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेलं सुटं स्टिकर असतं. ते तुमच्या फाइलवर चिकटवून मागा. तो तुमचा हक्क आहे.

वयाचं भय निराधार आहे. सत्तरीतल्या माणसांना मी इम्प्लांट केले आहेत. थांबावं लागतं ते अठराच्या आतल्या मुलांना, कारण जबडा अजून वाढत असतो. शुगर असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा आकडा, सातच्या आसपास आणा, आणि आठच्या वर असेल तर आधी फिजिशियनकडे जा. ताब्यातल्या शुगरने इम्प्लांट जातो असं नाही. जास्त घात करते ती तंबाखू, आणि तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट सुटण्याचा धोका साधारण दुप्पट धरतात. आमच्या भागातल्या बायका सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना मिश्री लावतात आणि तंबाखूबद्दल विचारलं की "मी कुठे तंबाखू खाते?" म्हणतात. मिश्री ही तंबाखूच आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंड दोन बोटांपेक्षा जास्त न उघडणारी पंचविशीतली मुलं येतात. दाढेपर्यंत ड्रिल न्यायलाच जागा नसते. हाडं ठिसूळ होण्यावरची गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन चालू असेल, किंवा तोंडाच्या कॅन्सरसाठी जबड्याला रेडिएशन झालं असेल, तर ते डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा. तिथे धोका खरोखर मोठा आहे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आयुष्यभराची गॅरंटी मी कुणालाही लिहून देत नाही. दहा वर्षांनंतर शंभरातले नव्वदच्या वर इम्प्लांट जागेवर असतात, हे मी सांगते. कंपनीची जी "लाइफटाइम वॉरंटी" असते ती बहुधा हाडातल्या तुकड्यापुरती: तो बदलून मिळतो, ऑपरेशन आणि कॅप पुन्हा मिळत नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतालची हिरडी सुजते आणि हाड झिजतं, आणि ते बराच काळ दुखत नाही. रोज बारीक ब्रशने फटी साफ करा आणि वर्षातून एकदा एक्स-रे काढा.

एमआरआयचं उत्तर एका ओळीत देता येतं: टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, एमआरआय करता येतो, तिथल्या माणसाला इम्प्लांट आहे एवढं आधी सांगा.

राहिली कवळी. मेसेज म्हणतो परवडत असेल तर इम्प्लांट, नाहीतर कवळी. मधला रस्ता आहे, आणि तो सांगायला आम्ही डॉक्टरही कमी पडतो. वरची कवळी टाळूला धरून राहते, खालची मात्र जिभेबरोबर उचलली जाते. भाकरी चावताना आजोबा ती काढून वाटीत ठेवतात, हे घरोघरी दिसतं. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरच्या कवळीला पहिली पसंती दिली. हनुवटीच्या वर, जिथे हाड बहुधा शिल्लक असतं, तिथे दोन इम्प्लांट घालायचे आणि कवळी त्यावर टिचबटणासारखी बसवायची. रात्री काढून धुता येते. माझ्याकडे साठ-पासष्ट हजारांत हे होतं आणि पूर्ण जबड्याच्या पक्क्या दातांच्या खर्चाचा तो लहानसा हिस्सा आहे. आणि दात एकच गेलाय, शेजारच्या दोन्ही दातांवर आधीच कॅप आहेत, अशा वेळी ब्रिजच, म्हणजे शेजारचे दोन दात घासून बारीक करून त्यांच्या आधाराने बसवलेला मधला दात, करा असं मी स्वतः सांगते. शेजारचे दात धडधाकट असतील तर त्यांना घासायला माझा हात धजत नाही.

गुरुजींचा स्कॅन सोमवारी आला. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येते, त्यातला बराच भाग पहिल्या तीन महिन्यांत जातो. त्यांच्या दाढेच्या जागी चार मिलिमीटर उरलं आहे, मला निदान सात हवं होतं. आता आधी हाड भरावं लागेल, त्याचे बारा हजार आणि चार-पाच महिने वाढले. ब्रिजचाही हिशेब मी त्यांना करून दाखवला. शेजारच्या दोन्ही दाढा स्वच्छ आहेत, त्यामुळे ते नको म्हणाले. कागदावर सगळे आकडे लिहून घेतले, चष्मा पुसून दोनदा वाचले आणि खाली तारीख घालून माझी सही मागितली. सोळा तारखेला सकाळी दहाला या म्हटलं आहे, बीपीची गोळी घेऊन आणि पोटभर नाश्ता करून.