बोधिधर्म, शाओलिन आणि एक बनावट प्रस्तावना

कुंग फू ही भारताने चीनला दिलेली देणगी आहे, असे सांगणारा एक संदेश गेली कित्येक वर्षे हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : सहाव्या शतकात कांचीपुरमचा पल्लव राजपुत्र बोधिधर्म चीनमध्ये गेला, शाओलिन मठातील भिक्षू बैठ्या साधनेने अशक्त झालेले पाहून त्याने त्यांना कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला शिकवली, त्यापूर्वी चीनमध्ये युद्धकला नव्हती, ‘यी जिन जिंग’ हा त्याचा ग्रंथ आणि मठातील भित्तिचित्रे हे त्याचे पुरावे, आजच्या सर्व चिनी शैली तेथूनच अखंड गुरुशिष्यक्रमाने उतरल्या, आणि हे सारे चिनी लोकही मान्य करतात. आपल्याकडील अनेक कराटे आणि कुंग फू वर्गांच्या भिंतीवर दाट भुवयांच्या, वटारलेल्या डोळ्यांच्या बोधिधर्माची तसबीर असते, त्यामुळे हा मजकूर वाचणाऱ्याला तो ओळखीचाही वाटतो. ही कथा निव्वळ आधुनिक कल्पना नाही, हे प्रथमच मान्य करायला हवे. मात्र ती बोधिधर्माच्या काळातील नसून त्याच्यानंतर सुमारे अकराशे वर्षांनी रचलेली आहे आणि ती रचणारा माणूस चिनी होता.

प्रथम बोधिधर्माकडे वळू. त्याचा सर्वांत जुना उल्लेख यांग श्वेनझी याने इ.स. 547 मध्ये लोयांगच्या विहारांविषयी लिहिलेल्या वर्णनात येतो. तेथे तो पश्चिमेकडून आलेला, स्वतःला दीडशे वर्षांचा म्हणवणारा ‘पर्शियन’ भिक्षू आहे आणि योंगनिंग विहाराचा उत्तुंग मनोरा पाहून भारावून गेला आहे. तो दक्षिण भारतातील एका मोठ्या राजाचा तिसरा पुत्र होता, हे तानलिन या भिक्षूच्या लेखनात येते. दाओश्वेन या चरित्रकाराने इ.स. 645 मध्ये त्याला दक्षिण भारतीय ब्राह्मण म्हटले. म्हणजे तो दक्षिण भारतीय असण्याला जुना आधार आहे, परंतु कांची आणि पल्लव ही नावे या प्रारंभीच्या नोंदींत नाहीत. त्याहून महत्त्वाचे असे की, या तिन्ही ठिकाणी मिळून ध्यान आहे, भ्रमण आहे, शिष्य आहेत. युद्धकला मात्र कुठेच नाही. शाओलिनशी त्याचे नाव जोडले गेले ते सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास, तेही ध्यानपंथाचा आद्य आचार्य म्हणून.

‘त्यापूर्वी चीनमध्ये युद्धकला नव्हती’ हे विधान फार वेळ टिकत नाही. इ.स. पहिल्या शतकात बान गू याने सिद्ध केलेल्या हान राजवंशाच्या इतिहासात एक ग्रंथसूची आहे. तिच्यातील लष्करी कौशल्यांच्या विभागात ‘शोउबो’, म्हणजे हातांनी लढण्याची विद्या, या विषयावरील सहा प्रकरणांची नोंद आहे. ती प्रकरणे आज उपलब्ध नाहीत, पण बोधिधर्माच्या चार शतके आधी हा विषय लिहून ठेवण्याइतका स्थिरावला होता, एवढे त्यावरून सिद्ध होते. व्यायामाचीही तीच गोष्ट. छांगशाजवळील मावांगदुई येथे इ.स.पू. 168 मध्ये बंद झालेल्या कबरीत एक रंगवलेला रेशमी पट सापडला. त्यावर वाकणाऱ्या, ताणणाऱ्या, हात उंचावणाऱ्या 44 मानवी आकृत्या आहेत. बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचण्यापूर्वीचा हा पट आहे.

मग शाओलिनचे भिक्षू शस्त्राकडे का वळले? संदेशातील उत्तर अशक्तपणाचे आहे; मठाच्या कागदपत्रांतील उत्तर जमिनीचे आहे. सुई राजवंशाच्या सम्राटाने मठाला शंभर छिंग (जमिनीचे एक चिनी माप) जमिनीची जहागीर दिली होती. ती लोयांगकडे जाणाऱ्या मोक्याच्या मार्गावर होती, आणि राजवट ढासळताच दरोडेखोरांनी मठावर हल्ला करून जाळपोळ केली. पुढे इ.स. 621 मध्ये भिक्षूंनी तांग राजपुत्र ली शिमिन याच्या बाजूने, त्याचा प्रतिस्पर्धी वांग शिचोंग याच्याविरुद्ध शस्त्र उचलले आणि वांगच्या पुतण्याला पकडून दिले. या कामगिरीबद्दल मठाला 40 छिंग जमीन व एक पाणचक्की मिळाली. इ.स. 728 चा शिलालेख हे सारे सांगतो आणि गौरवलेल्या तेरा भिक्षूंची माहिती देतो. पण ते कोणत्या पद्धतीने लढले आणि ती कोणाकडून शिकले, यावर तो मौन पाळतो. श्रीमंत देवस्थानाने स्वतःच्या जमिनीसाठी माणसे तयार करणे ही गोष्ट समजण्यासाठी परदेशी राजपुत्राची गरज भासू नये.

शिवाय शाओलिनची जुनी ख्याती हाताच्या लढतीची नसून लाठीची होती, ही बाब आपल्याकडे जवळजवळ कोणीच लक्षात घेत नाही. सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांशी लढणारा सेनापती छी जिग्वांग आपल्या ग्रंथात निरनिराळ्या मुष्टिशैलींची नावे देतो, तेव्हा शाओलिनचा उल्लेख तो लाठीसाठी करतो. त्याचा समकालीन यू दायू मठात गेला, तेव्हा तेथील लाठीचे मर्म हरपल्याचे त्याला दिसले. त्याने दोन भिक्षूंना सोबत दक्षिणेत नेऊन शिकवले आणि परत पाठवले. म्हणजे मठाची विद्या बाहेर जात होती तशी बाहेरून आतही येत होती. सतराव्या शतकाच्या प्रारंभी, दहाहून अधिक वर्षे मठात शिकलेल्या चेंग झोंगयू याने लाठीवर पोथी लिहिली; तीत तो म्हणतो की हाताची लढत अद्याप देशात फारशी रुजलेली नाही. आज जिला आपण शाओलिन कुंग फू म्हणतो, ती मुख्यत्वे त्यानंतरची घडण आहे.

कळरीपयट्टूचा काळही संदेशाच्या सोयीने मागे सरकत नाही. केरळचे इतिहासकार इलंकुलम कुंजन पिळ्ळै यांनी तिचा उदय अकराव्या शतकातील चेर आणि चोळ यांच्या दीर्घ युद्धांशी जोडला. हे मत ग्राह्य धरले तर बोधिधर्म आणि कळरी यांच्यात पाचशे वर्षांचे अंतर पडते.

आता मुख्य साक्षीदार. ‘यी जिन जिंग’, म्हणजे स्नायू पालटण्याचे सूत्र, याचा आपल्याला माहीत असलेला काळ 1624 चा आहे आणि त्याच्याशी ‘झिनिंग’ असे उपनाम घेतलेल्या एका ताओपंथीयाचे नाव निगडित आहे. ग्रंथाला दोन प्रस्तावना जोडलेल्या आहेत : एक तांग सेनापती ली जिंग याच्या नावे, वर्ष 628, दुसरी सोंग काळातील सरदार न्यू गाओ याच्या नावे, वर्ष 1142. पहिलीत सांगितले आहे की बोधिधर्माच्या पश्चात मठात एक लोखंडी पेटी सापडली, तिच्यात दोन ग्रंथ होते. मज्जा शुद्ध करण्याचा ग्रंथ त्याचा शिष्य हुइके याने घेतला आणि स्नायूंचा मठात राहिला. कथा रंगतदार आहे, पण लिहिणाऱ्याचा इतिहास कच्चा होता. त्याने वेई सम्राट श्याओमिंगच्या काळाला ‘ताइहे’ हे संवत्सरनाम, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीतील वर्षगणनेचे नाव, दिले. ते त्याच्या आजोबांच्या, म्हणजे सम्राट श्याओवेनच्या कारकिर्दीतले होते. ग्रंथ पुढे ज्याच्या हाती गेला असे सांगितले आहे, तो ‘कुरळ्या दाढीचा वीर’ तर तांग काळातील एका कथेतले काल्पनिक पात्र आहे. दुसऱ्या प्रस्तावनेत न्यू गाओ आपण सैनिकी माणूस असून एकही अक्षर ओळखत नसल्याचे सांगतो आणि हे सांगणारी प्रस्तावना लिहितो! छिंग राजवटीतील विद्वान लिंग तिंगखान (1757–1809) याने या लेखकाला अडाणी गावमास्तर ठरवले, ते उगीच नव्हे. ग्रंथाच्या आत डोकावले तर तेथेही डाव-पेच नाहीत : मर्दन, श्वास, खड्यांच्या पिशव्यांनी अंग ठोकून घट्ट करणे, असा तो सारा विषय आहे. आपल्याकडील अभिमानाचा मुख्य आधार असा एका चिनी बनावट लेखावर उभा आहे.

भित्तिचित्रांविषयी थोडक्यात. मठातील श्वेतवस्त्रा मंडपात काळसर आणि गोऱ्या वर्णाचे भिक्षू एकमेकांशी लढताना दिसतात, हे खरे. पण ती चित्रे छिंग राजवटीतील, एकोणिसाव्या शतकातील आहेत. रंगावरून कोण शिक्षक आणि कोण शिष्य हे ठरवणे हा पाहणाऱ्याचा पूर्वग्रह झाला.

‘सर्व शैली शाओलिनमधून’ हे विधान तर चिनी तालमींतच अनेकांना मान्य होणार नाही. ताइजी या शैलीची माहीत असलेली परंपरा हेनानमधील चेन कुळाच्या गावात, सतराव्या शतकातील चेन वांगतिंगपर्यंत जाते; यांग लूचान (1799–1872) याने ती तेथून बीजिंगला नेली. शिंगयी या दुसऱ्या शैलीचा ज्ञात आरंभ शान्शीच्या जी जिके याच्यापासून होतो, पण शिष्यांनी तिचे श्रेय यूए फेई या बाराव्या शतकातील राष्ट्रवीराला दिले. ताइजीलाही पुढे झांग सानफंग हा ताओ सिद्ध मूळपुरुष म्हणून लाभला. या सानफंगचा युद्धकलेशी संबंध प्रथम दिसतो तो हुआंग झोंगशी या विद्वानाने 1669 मध्ये वांग झेंगनान या मुष्टियोद्ध्यासाठी लिहिलेल्या समाधिलेखात, आणि तिथे विद्या मिळते ती स्वप्नात, देवाकडून. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये : मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर यांना सप्तशृंगी गडावर मारुतीने दृष्टान्त दिला, ही कथा आपण ऐकतोच, आणि ती ऐकताना दादा होऊन गेले की नाही याविषयी कोणी शंका घेत नाही. चीनमध्ये गुरूला ‘शिफू’ म्हणतात, त्या शब्दात गुरुत्व आणि पितृत्व दोन्ही आहे. आपल्याकडे गंडा बांधतात तसा शिष्यत्वाचा विधी होतो आणि शिष्य घराण्यात दाखल होतो. घराणे म्हटले की कुलवृत्तांत आला, आणि मागच्या तीन-चार पिढ्या पक्क्या असलेल्या वृत्तांताच्या शेंड्याला एखादा ऋषी बसवण्याचा मोह आपल्याही कुलवृत्तांतांना आवरलेला नाही. त्या तीन-चार पिढ्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. केवळ शेंड्यावरच्या नावाला पुरावा म्हणून उभे करता येत नाही.

‘चिनी लोकही मान्य करतात’ यात अर्धे तथ्य आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कादंबऱ्यांतून आणि 1915 मध्ये निघालेल्या शाओलिन मुष्टियुद्धाच्या एका पुस्तकातून ही कथा तिकडे घरोघरी पोहोचली. पण तांग हाओ या चिनी संशोधकाने 1930 मध्येच शाओलिन आणि वुदांग ही ताओपंथी परंपरा यांवरील आपल्या अभ्यासात बोधिधर्म आणि झांग सानफंग या दोघांनाही इतिहासातून बाहेर काढले होते. आपण तिकडची लोककथा उचलली आणि तिकडचे संशोधन तिथेच ठेवले.

भारताचा संबंध शोधायचाच असेल तर तो आहे, फक्त वेगळ्या जागी. इ.स. 495 च्या सुमारास सम्राट श्याओवेनने शाओलिन मठ उभारला तो बातुओ या भारतीय भिक्षूसाठी. त्याचे मूळ नाव बहुधा बुद्धभद्र असावे, आणि संदेशात त्याला जागाच नाही. मठात वज्रपाणीची, म्हणजे हाती वज्र धरणाऱ्या बौद्ध रक्षकदेवतेची, उपासना जुनी होती, आणि तिथल्या भिक्षूंनी बळाचे दैवत मानले ते त्यालाच. 1517 च्या शिळेवर कथा कोरलेली आहे की चौदाव्या शतकात लाल फेटेवाल्या बंडखोरांनी मठाला वेढले, तेव्हा स्वयंपाकघरातील एक गडी लाठी घेऊन बाहेर आला, डोंगराएवढा झाला, आणि बंडखोर पळाल्यावर त्याने आपण किन्नरराज, म्हणजे किन्नर या देवगणाचा राजा, असल्याचे सांगितले. शिळा त्याला नारायण, म्हणजे वज्रपाणीच्याच दुसऱ्या नावानेही ओळखते. चेंग झोंगयू यानेही मठाच्या लाठीचा आद्यगुरू म्हणून बोधिधर्माचे नव्हे, तर याच किन्नराचे नाव दिले आहे.