हप्तेबहाद्दर पदवीधरांसाठी चार शब्द

भावा, इंजिनिअर झालास, अभिनंदन! गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. त्यात तुझ्यापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे. त्यातला एकही हप्ता भरायला येणार नाही, पण फोटो झकास आलेत.

पहिलं सांगणं, हिशेब करू नकोस. झोप उडते. शिकायला बँकेतून ६ लाखांचं कर्ज काढलंस ना, वर्षाला दीड लाख असे चार वर्षं, १० टक्क्यांनं? शिकताना हप्ता नाही, वर आणखी एक वर्ष सवलत, असं बँकेतल्या साहेबानं सांगितलं तेव्हा तुझ्या वडिलांनी त्याला चहा पाजला. हप्ता नव्हता हे खरंच. व्याज मात्र रोज तुझ्याआधी उठत होतं, आणि त्यानं एकही लेक्चर बुडवलं नाही. सवलत संपेस्तोवर ते २ लाख १० हजार झालं आणि मुद्दलाच्या मांडीवर जाऊन बसलं. आता दहा वर्षं महिन्याला १०,७०० च्या घरात. म्हणजे सगळे मिळून पावणेतेरा लाखांच्या वर. बघ, म्हटलं होतं ना हिशेब करू नकोस!

शिरोलीला फाउंड्रीत ट्रेनी म्हणून लागलास आणि समजा १५,००० मिळाले, तर हातात चार हजार तीनशे उरतात. विषय संपला. मिसळ आणि पेट्रोल सोडायचं, आणि रोज संध्याकाळी रंकाळ्यावर चालायचं. तिथली हवा अजून बिनव्याजी आहे.

एखादा शहाणा सांगेल, शैक्षणिक कर्जाला आयकरात सूट मिळते. मिळते की! फक्त व्याजावर, जास्तीत जास्त आठ वर्षं, तीही जुनी करप्रणाली घेतलीस तर. त्याआधी कर लागण्याएवढा पगार मिळव, एवढी किरकोळ अट आहे.

आपलं गाव तसं शिक्षणाचं जुनं भक्त. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. आता पोराला कॉलेजात धाडणाऱ्या बापाला दंड पडतो, आणि त्याची पावती मोबाईलवर येते.

लग्नाच्या बायोडाट्यात कर्जाचा रकाना नसतो, तू काढू नकोस. पाव्हणं पॅकेज विचारतील, तेवढंच सांग.

आणि हप्ता चुकला तर घाबरू नकोस. फोन तुला यायच्या आधी वडिलांना जाईल, सहकर्जदार तेच आहेत. ते उसात पाणी पाजत असतील. ‘उसाचं बिल आलं की भरतो साहेब,’ म्हणतील. तुझ्या सिबिलबरोबर, म्हणजे कर्जफेडीच्या मार्कांबरोबर, त्यांचाही सिबिल घसरेल. बाप-लेकात काहीतरी सारखं असावं, नाही का?

बाकी धाकटीचा बारावीचा निकाल चांगला लागलाय म्हणे. पेढे घेऊन बस, आणि पेन जवळ ठेव. या खेपेला सहकर्जदाराच्या रकान्यात तुझं नाव घालायचं ठरलंय.