वर चाललात की खाली?

आज सकाळी जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, टाचा अधांतरी सोडून मी आकडे मोजत होतो. मागून प्रश्न आला, "वर चाललात की खाली?"

खालच्या मजल्यावरचे काका. काखेत वर्तमानपत्र, वाट मोकळी असूनही पुढे जायची इच्छा शून्य.

"खाली," मी म्हणालो. "वर फक्त खाली येण्यापुरता." उत्तर तंतोतंत खरं होतं. टाचेमागची कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, दुखावली की चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायावर सावकाश उतरायचं. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन संच, वाकवून तीन, असं दिवसातून दोनदा, बारा आठवडे.

"हे कुणी सांगितलं?"

"आल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी. १९९८ साली. त्यांचीच टाच दुखत होती, पण वरिष्ठ ऑपरेशनला तयार होईनात. मग कंडरा तुटली तर ऑपरेशन करावंच लागेल म्हणून त्यांनी मुद्दाम असा व्यायाम केला."

"तुटली?"

"बरी झाली."

काकांनी माझ्या टाचेकडे निरखून पाहिलं. "म्हणजे तुम्ही तोडायला बघताय."

"नाही हो!"

"आमच्या मेव्हण्यालाही हेच. धावणं सोडलं, एकदम ठणठणीत."

"आता काय करतात?"

"बसलेले असतात."

एवढ्यात माझे आकडे चुकले. सव्वीस की छत्तीस? काकांना विचारलं, तर म्हणाले, "मी आल्यापासून धरायचे की आधीपासूनचे?"

काकांचं सोडा. ज्यांच्याकडे मी पैसे मोजून जातो, त्या डॉक्टरांनी रिपोर्ट उघडायच्या आधी माझी जन्मतारीख वाचली आणि विचारलं, "या वयात धावायलाच हवं का?" तिशीतल्या माणसाला हेच डॉक्टर "पुढची शर्यत कधी?" असं विचारत असणार. आम्हाला विश्रांती! कंडरेला रक्तपुरवठा आधीच बेताचा. नुसतं बसून तिचं दुखणं जरा उतरतं, ताकद काही येत नाही. ती बेताबेताने भार वाढवूनच येते. पण साठीच्या माणसाला भार द्या म्हणायची हिंमत कुणात नाही. पोहा म्हणतात. मला पाणी आवडत नाही, हे कारण त्यांच्या फॉर्मात बसत नाही.

शेवटी नव्वद पुरे केले. कठड्यावरचा हात जागचा हललेला नव्हता, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि म्हणालं, "बराच वेळ बसून आहात. उठा, थोडं चाला."

काढून खणात टाकलं. तसंही ते सुरू करताना जन्मसाल निवडावं लागतं आणि ती यादी आमच्यापर्यंत सरकवता सरकवता अंगठ्याची शीर धरते.