माळावर परदेशी पाहुणा कसा रुजवावा

मालक, सोलापुरात राहता आणि अजून एकही परदेशी झाडझुडूप जिल्ह्यात पसरवलं नाही? आपली परंपरा काय सांगते? भाकरीची ज्वारी मुळात आफ्रिकेची. शेंगा-चटणीतल्या शेंगा आणि तिखट, दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. ते वगळले तर चटणीत उरतो लसूण. पण ही मंडळी मशागत मागतात, सोडून दिली की मरतात. त्यात कसला पराक्रम? काढू म्हटलं तरी निघणार नाही, असं काहीतरी रुजवा.

गाजर गवताला तर काहीच करावं लागत नाही. १९५०च्या दशकात ते पुण्यात दिसलं. अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणतात. एकेक झाड हजारोंनी बी पाडतं. तुम्ही फक्त प्लॉट घ्या आणि भाव वाढेपर्यंत पडू द्या. मुरमाच्या डंपरबरोबर, जेसीबीच्या मातीबरोबर बी नव्या नगरात आपोआप पोचेल. अंगाला खाज सुटली तर शेजारच्या प्लॉटकडे बोट दाखवा.

पाण्याची हौस असेल तर दक्षिण अमेरिकेची जलपर्णी. जांभळ्या फुलाच्या मोहापायी माणसांनीच ती जगभर नेली. आपल्या कंबर तलावात तिचा पाहुणचार झालेलाच आहे. सांडपाणी पाजत राहा, दोनेक आठवड्यांत दुप्पट होते.

पण खरी कलाकारी माळावर. आधी माळाला ‘पडीक’ म्हणा. हा शब्द जमला की अर्धं काम झालं. पवन्या-मारवेलसारखी गवतं, काळवीट, लांडगा सगळे एका शब्दात गायब. मग पर्यावरण दिनी, पाच जूनला खड्डे खणा आणि मध्य अमेरिकेतला गिरिपुष्प लावा. नान्नजच्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यातसुद्धा तो लावला गेलाय, मग आपण कशाला लाजायचं? वेडी बाभूळ लावलीत तर पुढचं शेळ्या बघतील: शेंगा खातील, लेंड्यांतून बी पेरत जातील. माळढोकाला मात्र लांबवर मोकळा माळ लागतो, झाडी दाटली की तो निघून जातो. जाईना! पक्षी मोजून किती, आणि रोपं किती! अहवालात कुठला आकडा शोभतो, तुम्हीच सांगा.

फोटो झाले की घरी या. मोज्यात माळावरच्या गवताची कुसळी घुसलेली असेल, टोचेल. फुकटात तुमच्या पायावर बसून आलेलं ते बी तेवढं निवडून कचऱ्यात टाका. ते इथलंच आहे.