पण हे आहे तरी काय?

अमूर्त छायाचित्रण म्हणजे वस्तू ओळखू न येता नुसते आकार आणि नक्षी दिसावी असे फोटो काढणे. त्यावरील पुस्तकांत लेन्स, प्रकाशाची दिशा आणि चौकटीची रचना यांवर पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. परंतु पोपडे आलेल्या भिंतीला नाक लावून उभ्या असलेल्या माणसाने पाठीमागून आलेल्या ‘काही हरवलंय का?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, याविषयी त्यांत एक ओळही सापडत नाही. माझ्या मते या कलेतली खरी अडचण तीच आहे. आकार आणि नक्षी शोधत हिंडावे लागत नाही, ती पावलोपावली पडलेलीच असते. आजूबाजूच्या सुज्ञ माणसांचे समाधान करताना मात्र घाम फुटतो.

भिंतीचेच घ्या. ऊन समोरून पडलेले असते तोवर ती नुसती डागडुजीला आलेली भिंत असते. तेच ऊन तिला घासून तिरके जाऊ लागले, की प्रत्येक पोपड्याची कड उजळते, कडेखाली बारीक काळी सावली धरते, आणि वरच्या निळ्या रंगाखालचा हिरवा, त्याखालचा पिवळट, असे एकेक थर डोके वर काढतात. हा खेळ फार वेळ चालत नाही, आणि घरमालक नेमका तेवढ्यातच बाहेर येतो. आपल्याविरुद्ध कुठेतरी तक्रार जाणार अशी त्याची खात्री झालेली असते. ‘‘पुढच्या महिन्यात रंगवायचीच आहे हो,’’ तो ओशाळून सांगतो. ‘‘कृपा करून रंगवू नका!’’ असे मी कळवळून म्हणतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते मात्र अगदी मूर्त असतात.

घरच्यांपुढे मी थोर छायाचित्रकारांचे दाखले देतो. पॉल स्ट्रँड याने १९१६ साली वाडगी आणि ओसरीवरच्या सावल्या इतक्या जवळून टिपल्या, की वस्तू मागे पडून नुसते आकार उरले. आरन सिस्किंड याने तर सोललेल्या रंगावर आणि फाटक्या पोस्टरांवर मोठे नाव मिळवले. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ याच्या व्यक्तिचित्रांची जादू समोर बसणाऱ्या माणसांवरच्या त्याच्या प्रभावात आहे, असे कोणीसे म्हटले, आणि त्याने १९२२ पासून कॅमेरा ढगांकडे वळवला. ढगांवर कोणाचा प्रभाव चालत नाही. हे सारे शांतपणे ऐकून घेतल्यावर घरून एकच प्रश्न येतो: ‘‘त्यांच्या घरचे काय म्हणायचे?’’

खरे कसब चौकटीबाहेर काय ठेवायचे यात आहे. दाराच्या फळीवरचे उभे रेघांचे जाळे, त्यावर आडवी पडलेली गजांची सावली, असे सगळे जुळून आलेले असते. पण कोपऱ्यात कडीचे एवढेसे टोक शिरले, की संपले! मग ते दारच. बघणाऱ्याच्या डोळ्यांना नाव मिळाले की ते पुढे बघायचे थांबतात. म्हणून मी आणखी पुढे सरकतो, गुडघे टेकतो, श्वास रोखतो. आणि जाणारा-येणारा मला चक्कर आली असे समजून पाणी देऊ करतो.

इतके करून काढलेला फोटो नातेवाइकांना दाखवला, की आधी तो उलटा धरला जातो, मग आडवा, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: ‘‘पण हे आहे तरी काय?’’ ‘गंजलेली बादली’ असे खरे उत्तर दिले, की ‘अच्छा, बादली!’ म्हणून सारे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढच्या फोटोकडे वळतात. त्यामुळे हल्ली मी ‘तुम्हाला काय दिसतं?’ असे उलट विचारतो. उत्तरादाखल वाळवंट आले, आगीचा डोंब आला, विमानातून दिसणारी नदीही आली. मला वाटले, जमू लागले.

आत्याने मात्र फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ काही न बोलता त्या तांबूस कडांवरून नजर फिरवली. शेवटी ती म्हणाली, ‘‘अरे, बूड गेलंय हिचं. पाणी भरायला घेऊ नका.’’