यम्मी, क्रंची, डिलिशस... आणि पाकिटाच्या मागे काय लिहिलंय?

खाण्यापिण्याचं इंग्रजी शिकवणारे धडे बघितले की डोकं फिरतं. फळं-भाज्यांची चित्रं, मग यम्मी, क्रंची, डिलिशस, ज्यूसी, मग वेटरला हाक मारून बिल मागायचं एक अदबशीर वाक्य. झालं, आलं तुम्हाला इंग्रजी! काय डोंबल आलं? 'हेल्दी' म्हणजे आरोग्यदायी एवढं पाठ करून माणूस दुकानात जातो, पाकिटावर तोच शब्द हिरव्या रंगात दिसतो आणि बिचारा भक्तिभावाने ते उचलतो. जाहिरात लिहिणाऱ्याने पुढच्या बाजूला जे शब्द छापलेत तेच आपण शिकवतोय. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांना या धड्यांत जागाच नाही.

साधा 'सर्व्हिंग' घ्या. धड्यात त्याचा अर्थ 'वाढलेला एक वाटा'. पाकिटावर मात्र तो कंपनीच्या सोयीचा आकडा असतो. 120 ग्रॅमचं पाकीट, आणि सर्व्हिंग 30 ग्रॅमचं. पुढे ठसठशीत '140 कॅलरी'. पाकीट फोडलं की संपवलं जातं, म्हणजे पोटात गेल्या 560. म्हणून 'पर सर्व्हिंग'चा रकाना सोडून 'पर 100 ग्रॅम'चा बघायचा. दोन पाकिटांची तुलना तिथेच होते. शून्याचीही गंमत ऐका. अमेरिकेतल्या लेबलांवर एका सर्व्हिंगमध्ये 0.5 ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट (हृदयाला घातक चरबी) असेल तर सरळ 0 छापतात. सर्व्हिंग पुरेसं लहान केलं की झालं शून्य! तिथे अशा तेलांवर बंदी येईपर्यंत ते ओळखायला 'पार्शली हायड्रोजनेटेड' (अर्धवट घट्ट केलेलं तेल) हे दोन शब्द घटकांच्या यादीत शोधावे लागायचे. कुठल्या शब्दसूचीत आहेत ते? पण 'कपकेक' सगळीकडे आहे.

साखरेचा घोळ तर विचारूच नका. शुगर फ्री, नो ॲडेड शुगर, लो शुगर, रिड्यूस्ड शुगर, अनस्वीटन्ड. पाच वेगवेगळे अर्थ, आणि शिकवताना सगळ्यांना एकच उत्तर: 'कमी गोड'. अहो, नाही! कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांप्रमाणे 'शुगर फ्री' म्हणजे 100 ग्रॅममध्ये साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त नाही. 'रिड्यूस्ड' म्हणजे फक्त तशाच दुसऱ्या पदार्थापेक्षा निदान 25 टक्के कमी. मूळ पदार्थात 40 ग्रॅम असेल तर यात 30 ग्रॅम, तरीही शब्द खराच! 'नो ॲडेड शुगर' म्हणजे वरून घातलेली नाही एवढंच. फळाच्या रसातली स्वतःची साखर तशीच असते, आणि जागतिक आरोग्य संघटना रसातली आणि मधातली साखरही मर्यादेत राखायच्या 'फ्री शुगर्स'मध्येच धरते. त्या मर्यादेचा आकडा 2015 पासून जाहीर आहे: दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांहून कमी. 2000 कॅलरीच्या आहारात ते 50 ग्रॅमच्या आत.

बरं, शुगर फ्री बिस्किटं घेतली म्हणून जिंकलात का? मैदा तोच, तेल तेच. साखरेच्या जागी बऱ्याचदा माल्टिटॉल नावाचा गोड पर्याय. साखरेत ग्रॅमला 4 कॅलरी, त्यात दोनाच्या थोड्या वर, म्हणजे शून्य नव्हेच. शिवाय जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. ती सूचना 'लॅक्सेटिव्ह इफेक्ट्स' अशा शब्दांत, शोधावी लागेल अशा जागी असते. आणि साखर लपवायची युक्ती बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फळाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट असे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा यादीत खाली जातो आणि पहिल्या नंबरावर ओट्स मिरवतात.

'मल्टिग्रेन' म्हणजे एकाहून जास्त धान्यं, बस. ती अख्खी आहेत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. 'होल' हा शब्द बघा, आणि तोही घटकांच्या यादीत पहिल्या जागी. ब्रेडचा तपकिरी रंग कॅरॅमलनेही येतो. वनस्पती तेलावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिणं तर शुद्ध निर्लज्जपणा. वनस्पतीत ते नावापुरतंच असतं. आणि ऑलिव्ह तेलावरचं 'लाइट' हे रंग नि चव सांगतं. कॅलरी तेवढ्याच, मोठ्या चमच्याला सुमारे 120.

आता हॉटेलचं मेन्यूकार्ड. 'क्रिस्पी', 'गोल्डन' म्हणजे बहुतेक वेळा तळलेलं. 'ग्लेझ्ड' म्हणजे वर बहुधा साखरेचा किंवा मधाचा लेप. 'क्रीमी' काय ते सांगायला नको. हे सगळं विशेषणांच्या धड्यात चवीचं वर्णन म्हणून शिकवतात, स्वयंपाकाची कृती म्हणून कुणीच नाही. सॅलड मागवून तब्येतीचं भलं केल्याचा आनंद मानणाऱ्यांना 'कुड आय हॅव द ड्रेसिंग ऑन द साइड?' (वरून घालायचं ड्रेसिंग वेगळं द्याल का?) हे एक वाक्य शिकवलं असतं तर तीन चमचे तेल वाचलं असतं. 'आंत्रे' अमेरिकेत मुख्य पदार्थ आणि ऑस्ट्रेलियात सुरुवातीचा, हे तरी सांगा! नाहीतर मोठी भूक घेऊन गेलेला माणूस छोट्या बशीकडे बघत बसतो.

पण खरा संताप येतो तो ॲलर्जीच्या शब्दांचा. इथे चुकलं तर वजन वाढत नाही, जीव जाऊ शकतो. 'आय डोन्ट लाइक नट्स' म्हटलं तर स्वयंपाकी वरचे दाणे काढून तीच बशी परत पाठवेल. 'आय ॲम ॲलर्जिक टु नट्स' म्हटलं तरच कढई, चमचा, तेल बदलायचं कुणाच्या ध्यानात येईल. त्यातही 'पीनट' आणि 'ट्री नट्स' (बदाम, काजू, अक्रोड वगैरे) लेबलवर वेगवेगळे धरतात, कारण शेंगदाणा हे कडधान्याच्या कुळातलं. ज्याला जे चालत नाही त्याने ते नाव घेऊन सांगायचं. 'लॅक्टोज फ्री' दूध हे दूधच. साखर मोडलेली असते, प्रथिनं जागच्या जागी. दुधाची ॲलर्जी असलेल्याला ते विषासमान. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या क्रीमरमध्येसुद्धा 'सोडियम केसिनेट' सापडतं, आणि ते दुधातूनच येतं. 'मे कंटेन' म्हणजे पाककृतीत नाही, पण त्याच यंत्रावर किंवा कारखान्यात दुसरं काहीतरी बनतं, कण मिसळू शकतात. 'व्हीगन'चा (प्राणिज काही नसल्याचा) शिक्का ॲलर्जी होणार नाही याची हमी देत नाही.

पाठच करायचं असेल तर 'डझ धिस कंटेन...?' (यात अमुक आहे का?) आणि 'इज इट फ्राइड इन द सेम ऑइल?' (त्याच तेलात तळलंय का?) ही दोन वाक्यं करा. आणि उत्तर 'आय थिंक सो' किंवा 'शुड बी फाइन' असं आलं तर तो पदार्थ मागवू नका, आत जाऊन विचारून यायला सांगा.