अनाथाश्रमात दोन आठवडे? तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज ग्रुपांवर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: परदेशी फिरायला जाताच आहात तर दोन आठवडे कंबोडिया किंवा नेपाळमधल्या अनाथाश्रमात काढा. तिथल्या मुलांना कुणी नाही. त्यांना शिकवा, मायेनं जवळ घ्या, आश्रमाला चार पैसे द्या. आणि शेवटी हुकमी वाक्य: काहीच न करण्यापेक्षा हे बरं. सोबत फोटो, पाहुण्यांच्या गळ्यात पडलेल्या चार-पाच पोरांचा.

पाठवणाऱ्यांच्या मनात काळंबेरं नसतं, हे मान्य. पण मेसेजमधलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की पंचाईत होते.

‘त्या मुलांना कुणी नाही.’ हे पहिलंच वाक्य खोटं आहे. कंबोडिया सरकार आणि युनिसेफ यांनी २०११ साली मांडलेल्या पाहणीत संस्थांमधल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील, निदान एक तरी पालक, हयात असल्याचं दिसलं. मग मुलं तिथे आली कशी? बहुतेकांना घरच्यांनीच आणून सोडलं होतं. घरी दारिद्र्य, आणि संस्थेत शाळा, इंग्रजी, दोन वेळचं जेवण. आईबापांचा हिशेब समजण्यासारखा आहे. त्यांना हवी होती शाळा, पण शाळेसाठी लेकरू घराबाहेर काढावं लागलं. ‘जगात १४ कोटी अनाथ’ हा आकडाही असाच फसवतो. त्यात आई किंवा वडील यांपैकी एकच गमावलेली मुलंही धरलेली असतात. दोघंही गेलेली मुलं साधारण दीड कोटी, आणि त्यांतली बरीचशी आजी-आजोबा, मामा, काकांकडे वाढतात.

‘आश्रमाला पैसे मिळतात.’ मिळतात ना! खरी गोम तिथेच आहे.

कंबोडियात लाखोंचे बळी घेणारी ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाची राजवट १९७९ मध्ये कोसळली. त्या कत्तलीत पोरकी झालेली मुलं २००५ पर्यंत पंचविशी ओलांडून गेली होती. एचआयव्हीची साथही नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ओसरत होती. म्हणजे अनाथालयं कमी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात २००५ ते २०१० या पाच वर्षांत ती १५४ वरून २६९ झाली आणि त्यांत सुमारे १२ हजार मुलं राहत होती. या २६९ पैकी सरकारी फक्त २१. बाकीच्यांचा मुख्य आधार परदेशी देणगीदार आणि पर्यटक. याच काळात काय वाढत होतं? ‘अंगकोर वाट’ ही प्राचीन मंदिरं बघायला येणाऱ्या पर्यटकांची गर्दी.

अंगकोरच्या शेजारच्या सिएम रीप शहरात हा व्यवहार उघड्यावर चालायचा. मुलं पर्यटकांना पत्रकं वाटायची, ‘आज संध्याकाळी आमच्या आश्रमात नाच आहे, या.’ टुकटुकवाले (तिथले रिक्षावाले) मंदिरांसोबत अनाथाश्रमाचीही फेरी सुचवायचे. संध्याकाळी जरीचे कपडे घालून, तोंडाला रंग लावून मुली अप्सरा नृत्य करायच्या, मग पेटी फिरायची. आता चालकाच्या जागी बसून विचार करा. मुलं धष्टपुष्ट, इमारत टापटीप दिसली, तर पाहुण्याचा हात खिशाकडे जाईल का? काही ठिकाणी मुलांना मुद्दाम हलाखीत ठेवलं जात होतं ते यामुळेच. २०११ मध्ये फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेला ‘मुलं ही प्रेक्षणीय स्थळं नव्हेत’ अशी मोहीम काढावी लागली. सगळेच आश्रम लबाड असतात असं मी म्हणत नाही. पण पाहुण्यांच्या पैशावर चालणाऱ्या प्रामाणिक आश्रमालाही खाटा रिकाम्या ठेवणं परवडत नाही.

नेपाळची गोष्ट याहून कडू आहे. तिथली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या मोजक्या जिल्ह्यांत आहेत, म्हणजे पर्यटक जातात तिथेच. पर्यटकांचं आवडतं पोखरा शहर कास्कीतच येतं. मुलं मात्र हुमलासारख्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यातून आणलेली. माओवादी संघर्षाच्या काळात (१९९६ ते २००६) दलाल गावात यायचे, ‘पोराला शहरात शिकवतो’ म्हणून आईबापांकडूनच पैसे घ्यायचे आणि काठमांडूत त्याच पोराचे कागद अनाथ म्हणून तयार करायचे. आईबाप जिवंत, आणि फायलीत त्यांच्या मृत्यूचा दाखला! २०१५ च्या भूकंपानंतर पुन्हा हेच होईल या धास्तीनं सरकारनं परवानगीशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली.

‘मुलांना प्रेम मिळतं.’ फोटोतली ती मिठी नीट पाहा. आपल्या घरातलं दोन-तीन वर्षांचं मूल अनोळखी पाहुणा आला की काय करतं? आईच्या पदराआड लपतं, तिथून डोकावतं, ओळख पटली तर अर्ध्या तासानं जवळ येतं. हे निरोगी मुलाचं लक्षण. दिसेल त्याच्या गळ्यात पडणारं मूल प्रेमळ असतंच असं नाही, बऱ्याचदा त्याला हक्काचं माणूस मिळालेलं नसतं. तुम्ही पंधरा दिवस त्याला लळा लावता आणि विमानात बसता. सोमवारी दुसरं कुणीतरी येतं. रोमानियात २००० साली सुरू झालेल्या संशोधनात संस्थांमधल्या १३६ मुलांपैकी काहींना तिथून काढून सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवलं. जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली, त्यांची जवळीक साधण्याची ताकद संस्थेत राहिलेल्यांपेक्षा बरीच सावरली. रोज तीच माणसं आसपास असणं, एवढाच तर घराचा गुण.

‘शिकवा’ म्हणाल, तर दर पंधरवड्याला नवा पाहुणा येऊन पुन्हा एबीसीडीपासून सुरुवात करतो. मुलांना ती केव्हाच पाठ झालेली असते.

‘काहीच न करण्यापेक्षा बरं.’ आपल्या सोसायटीत वॉचमन ठेवताना आपण पोलीस पडताळणी मागतो. अशा बऱ्याच आश्रमांत मात्र पासपोर्ट आणि फी एवढ्यावर कुणालाही मुलांच्या खोलीत प्रवेश. नैरोबीतल्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून राहिलेल्या अमेरिकी तरुणाला तिथल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं ४० वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा ‘बरं’ नेमकं कुणाला, ते आधी ठरवू.

यावर एक रास्त प्रश्न येतो: उद्या आश्रम बंद केले तर मुलं जातील कुठे? एकदम बंद करा असं कुणीच म्हणत नाही. नेपाळमध्ये संस्थांचे कार्यकर्ते मुलाचा फोटो घेऊन हुमलाच्या पायवाटा तुडवत घरं शोधत गेले आणि आईबाप सापडलेही. कंबोडिया सरकारनं पाच प्रांतांतली ३० टक्के मुलं घरी पाठवण्याचं लक्ष्य ठेवलं. घरी गेल्यावर शाळेची फी, तांदूळ, औषधं यांची सोय लागते, आणि पैसा तिथे घालायचा असतो. तुम्ही फिजिओथेरपिस्ट किंवा समुपदेशक असाल तर मुलांना हात न लावता तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवा, ते दहा वर्षं तिथेच राहणार आहेत.

आणि आधार द्यायला परदेशीच गेलं पाहिजे असंही नाही. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ किंवा एकल पालकाच्या मुलामागे घरच्यांनाच दरमहा २,२५० रुपये मिळतात. तुमच्याकडे धुणीभांडी करणारी ताई नवरा गेल्यावर पोरीला आश्रमात ठेवायचं म्हणत असेल, तर तिच्यासोबत जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन तो अर्ज भरून द्या. रेशनकार्ड, आधार, मृत्यूचा दाखला आणि शाळेचा दाखला सोबत घ्या, नाहीतर दुसरी खेप पडते.